आरशातली नदी

१९८२ साली कॅरोल शॉ कॅलिफोर्नियातल्या ॲक्टिव्हिजन कंपनीत रुजू झाल्या, तेव्हा त्यांच्या मनात अवकाशयानाचा गेम होता. पडदा सरकत राहील, यान पुढे जात राहील, समोरून शत्रू येत राहतील, असा. कंपनीच्या संस्थापकांपैकी ॲलन मिलर हे त्यांचे जुने सहकारी. त्यांनी कल्पना ऐकून घेतली आणि सांगितलं, की अवकाशातले गेम आता फार झाले, दुसरं काही सुचतंय का बघ.

मिलर यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला आणि त्यानंतरची चार वर्षं गेमचं जग काळ्या आकाशातच वावरत होतं. ‘गॅलॅक्सियन’, ‘ॲस्टेरॉइड्स’, ‘डिफेंडर’, ‘स्क्रॅम्बल’. १९८० साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ अटारीच्या घरगुती यंत्रावर आला आणि त्या एका गेमपायी लोकांनी ते यंत्र घरी आणलं. मग ज्याला त्याला यान हवं झालं. काळं आकाश यंत्राला स्वस्त पडतं, हेही त्यामागचं एक कारण असावं. रिकामी जागा रिकामी सोडली तरी ती आकाश म्हणून खपून जाते. शॉ यांना मात्र आता जमीन शोधायची होती.

त्यांनी चौकटींचा कागद घेतला आणि आकृत्या काढायला सुरुवात केली. त्या कागदावर पुढे जे उमटलं ते समजायचं तर आधी ते यंत्र समजून घ्यावं लागतं.

अटारीचं व्हीसीएस, ज्याला पुढे २६०० म्हणू लागले, १९७७ साली बाजारात आलं. टीव्हीला जोडायचं, वरच्या खाचेत कार्ट्रिज खोचायचं (आपल्याकडे पुढे अशा कार्ट्रिजला सरसकट ‘कॅसेट’ म्हणत), जॉयस्टिक हातात घ्यायची आणि सुरू. आत ६५०७ नावाचा प्रोसेसर, वेग साधारण १.१९ मेगाहर्ट्झ. खेळ चालू असताना काय काय लक्षात ठेवायचं, गुण किती झाले, विमान कुठे आहे, गोळी कुठवर गेली, त्या सगळ्यासाठी मेमरी होती १२८ बाइटची. आजच्या पद्धतीनं देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. म्हणजे ४२ चिन्हं लिहिली की ती मेमरी भरली. या परिच्छेदातली बहुतेक वाक्यं तिच्यात मावणार नाहीत.

एवढ्याशा जागेत पडद्याचं चित्र साठवणं शक्यच नव्हतं, म्हणून यंत्रात तशी सोयच ठेवलेली नव्हती. त्या काळच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ रेखायचा, मग तिच्याखालची दुसरी, असं करत सगळा पडदा भरायचा. एका चित्राला २६२ ओळी आणि सेकंदाला साठेक चित्रं. झोत ज्या ओळीवर आहे ती ओळ कशी दिसावी एवढंच प्रोग्रामरनं यंत्रातल्या चित्र काढणाऱ्या चिपला सांगायचं, आणि झोत पुढच्या ओळीवर पोचायच्या आत पुढचं सांगायला हजर राहायचं. एका ओळीमागे प्रोसेसरचे ७६ ठोके मिळत. साधी एखादी आज्ञा दोन ठोके घेई, अवघड आज्ञा सात. हिशेब चुकला की ओळ फाटायची आणि चित्र थरथरायचं.

येवल्याला मागावर पैठणी विणताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. पदरावरचा मोर विणकर एकदम काढत नाही. आडवा धागा एकेक करून भरत जातो, कुठला रंग कुठून कुठवर घ्यायचा हे त्या त्या धाग्यापुरतं पाहतो, आणि धाग्यावर धागा चढत मोर होतो. फरक एवढाच, की विणकराला हात थांबवून पाणी पिता येतं. अटारीच्या यंत्रात माग थांबला की कापडच नाहीसं होई. अटारीतले प्रोग्रामर बॉब व्हाइटहेड यांनी या यंत्रासाठीच्या बुद्धिबळाच्या गेमवर काम केलं, त्यात यंत्र चाल शोधायला लागलं की पट दिसेनासा होई आणि पडद्यावर नुसते रंग बदलत राहत. चाल शोधणं आणि चित्र विणणं ही दोन कामं त्या प्रोसेसरला एका वेळी झेपत नव्हती.

पार्श्वभूमीसाठी चिपनं काय दिलं होतं? पडद्याच्या डाव्या अर्ध्यासाठी २० जाडजूड ठोकळे. ते हवे तिथे लावायचे, नको तिथे काढायचे. उजव्या अर्ध्यासाठी वेगळे ठोकळे नव्हतेच. डावा भाग तिथे जसाच्या तसा पुन्हा येई, नाहीतर आरशात दिसतो तसा उलटा येई. ओळीच्या मध्यावर ठोकळे बदलून दोन्ही बाजू वेगळ्या करता येत, पण त्यात त्या ७६ ठोक्यांतले मोलाचे ठोके जात.

शॉ यांनी आरसा घेतला. डावीकडे जे काढाल तेच उजवीकडे उमटणार, तर मग असं काय आहे की जे दोन्ही बाजूंना सारखं असूनही डोळ्याला खुपत नाही? दोन काठ. मधे पाणी. पाण्याच्या मधोमध ठोकळे उभे केले की बेट झालं, बेटाच्या दोन अंगांनी दोन फाटे, आणि बेट संपलं की पुन्हा एकच प्रवाह. मला या साऱ्या हकिगतीत सगळ्यात जास्त धरून ठेवणारी जागा हीच आहे. अर्धा पडदा ही या यंत्राची उणीव. कितीतरी जणांनी ती झाकायला रात्री जागवल्या. शॉ यांनी त्या उणिवेकडे नीट पाहिलं आणि त्यांना तिच्यात नदी दिसली.

वरून खाली सरकणं हेही यंत्राच्या स्वभावाला धरूनच होतं. ठोकळे आडवे सरकवले तर ते एकदम चार ठिपक्यांची उडी मारतात, चित्र गचके खात जातं. उभं सरकवायला मात्र विणायची सुरुवात एक धागा अलीकडून किंवा पलीकडून केली की पुरतं. नदी म्हणूनच लोण्यासारखी वाहत येते.

*

या नदीपर्यंत पोचलेल्या बाई कोण होत्या, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

कॅरोल शॉ १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये जन्मल्या. वडील मेकॅनिकल इंजिनिअर, स्टॅनफर्डच्या कणत्वरक प्रयोगशाळेत कामाला. मुलीला बाहुल्यांची आवड नव्हती. भावाच्या खेळण्यातल्या आगगाडीत मात्र ती रमायची, रूळ जोडायची, आणि तो छंद थेट कॉलेजापर्यंत टिकला. हायस्कूलमध्ये पहिल्यांदा संगणक हाताळायला मिळाला आणि त्यावर नुसत्या मजकुराचे खेळ खेळता येतात हा शोध लागला. पुढे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९७७ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि संगणकशास्त्राची पदवी, वर्षभरानं संगणकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, आणि १९७८ सालीच अटारीत नोकरी. हुद्दा होता मायक्रोप्रोसेसर सॉफ्टवेअर इंजिनिअर.

पहिलं काम अत्तराचं निघालं. अटारीची मालकी तेव्हा वॉर्नर कम्युनिकेशन्सकडे होती आणि वॉर्नरचा राल्फ लॉरेन यांच्या सुगंधी उत्पादनांशी धंद्याचा संबंध होता. ‘पोलो’ या अत्तराच्या जाहिरातीसाठी पोलोचाच गेम हवा होता. शॉ यांनी तो लिहिला, पण तो बाजारात कधी आला नाही. त्यानंतरचा त्यांचा गेम मात्र दुकानांत पोचला. फुली-गोळा, पण चार मजल्यांचा, चार बाय चार बाय चार अशा ६४ घरांचा. मग चेकर्सचा गेम झाला, आणि अटारीच्या घरगुती संगणकांसाठीही त्यांनी काम केलं.

रे कॅसार त्या वेळी अटारीचे प्रमुख होते. त्यांची आधीची कारकीर्द कापड उद्योगातली, मुख्यतः बर्लिंग्टन इंडस्ट्रीजमधली. एकदा ते प्रयोगशाळेत आले, शॉ यांना पाहिलं, आणि म्हणाले की आता आपल्याकडे बाई डिझायनर आली आहे, तेव्हा प्रसाधनांची रंगसंगती आणि घराची अंतर्गत सजावट अशा विषयांवर गेम करता येतील. ही आठवण शॉ यांनीच खूप वर्षांनी मुलाखतीत सांगितली. बाकीच्या डिझायनरांनी त्यांना सांगितलं, तिकडे लक्ष देऊ नकोस, तुला हवं ते कर. त्यांनी तसंच केलं. पण पदवी, पदव्युत्तर शिक्षण, ६४ घरांत चाली शोधणारा प्रोग्राम असं सगळं पदरी असताना कुणाला तरी पहिल्या नजरेत फक्त लिपस्टिकच्या छटा सुचतात, याचा मला आजही राग येतो.

व्यावसायिक गेम करणारी पहिली स्त्री असं शॉ यांच्याविषयी वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. ते काटेकोरपणे खरं नाही. आरसीए कंपनीच्या ‘स्टुडिओ टू’ या यंत्रासाठी जॉयस वाइजबेकर यांनी त्यांच्याही आधी, १९७६ साली, गेम लिहिले होते, आणि हे जगाला फार उशिरा कळलं. अटारीच्या आर्केड विभागात डोना बेली यांनी एड लॉग यांच्यासोबत ‘सेंटिपीड’ केला तो १९८१ साली. पहिलेपणाची माळ कुणाच्या गळ्यात, या वादापेक्षा मला या बायका तेव्हा किती एकेकट्या होत्या हे जास्त जाणवतं. सगळ्या मिळून एका टेबलाभोवती मावल्या असत्या.

अटारीत कुणाचंच नाव खोक्यावर छापत नसत. बाईचं नाही, पुरुषाचंही नाही. वॉरन रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’ या गेममध्ये एक गुप्त खोली करून तिच्यात स्वतःचं नाव लपवलं, ते याच घुसमटीतून. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी दुसरा मार्ग धरला. कुठला गेम किती खपला याची यादी हाती आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की कंपनीच्या विक्रीतला मोठा वाटा आपणच केलेल्या गेमचा आहे. ते कॅसार यांच्याकडे गेले, श्रेय आणि मोबदला मागितला, आणि कार्ट्रिज जुळवणाऱ्या कामगाराइतकंच तुमचंही महत्त्व, अशा अर्थाचं उत्तर घेऊन परतले. ऑक्टोबर १९७९ मध्ये त्यांनी जिम लेव्ही यांच्यासोबत ॲक्टिव्हिजन काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी गेम करून विकणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. अटारीनं त्यांना कोर्टात खेचलं, १९८२ साली तडजोड झाली, आणि तो धंदा कायदेशीर ठरला. आज जगातले बहुतेक गेम याच वाटेनं येतात.

ॲक्टिव्हिजनच्या खोक्यावर गेम करणाऱ्याचं नाव असे. आत माहितीपुस्तिकेत त्याचा फोटो आणि खेळ कसा खेळावा याबद्दलचे त्याचे चार शब्द. लेखकाचं नाव पुस्तकावर असावं इतकी ही साधी गोष्ट, पण त्यासाठी चौघांना नोकरी सोडावी लागली.

शॉ यांनी अटारी १९८० साली सोडली. त्यानंतर सव्वा वर्षाहून थोडा जास्त काळ त्या टँडेम कंप्युटर्समध्ये होत्या. बँकांसारख्या ठिकाणी जे संगणक क्षणभरही बंद पडून चालत नाहीत, ते ही कंपनी बनवत असे. तिथून त्या ॲक्टिव्हिजनमध्ये आल्या आणि आपण चौकटींच्या कागदापाशी परत पोचलो.

*

‘रिव्हर रेड’. निळी नदी, हिरवे काठ, खालच्या बाजूला एक छोटं पिवळं जेट विमान. डावीकडे-उजवीकडे वळायचं, काडी पुढे दाबली की वेग वाढतो, मागे ओढली की कमी होतो. समोरून जहाजं, हेलिकॉप्टरं, पुढे पुढे शत्रूची विमानं. काठाला लागलात की संपलात. ही टक्कर ओळखायला शॉ यांना वेगळा हिशेब फारसा करावा लागला नाही, कारण कुठली वस्तू कशाला भिडली हे चिप स्वतःच टिपून ठेवत असे. ठराविक अंतरावर नदीवर आडवा पूल येतो. पूल उडवला की पुढचा टप्पा सुरू, आणि विमान पडलं तर शेवटी उडवलेल्या पुलापासून पुन्हा सुरुवात.

गुणांची वाटणी अशी: जहाज ३०, हेलिकॉप्टर ६०, इंधनाची टाकी ८०, जेट १००, पूल ५००. या यादीत टाकी काय करते आहे, हे खेळणाऱ्याला दोनच मिनिटांत कळतं. विमानाचं इंधन सतत उतरत असतं. खाली पट्टीवरचा काटा रिकाम्याकडे सरकतो. नदीत उभ्या असलेल्या टाक्यांवर वरून खाली ‘फ्यूएल’ अशी इंग्रजी अक्षरं असतात. त्यांच्यावरून उडत गेलं की इंधन भरतं, आणि हळू गेलं तर जास्त भरतं. पण तीच टाकी फोडली तर ८० गुण, हेलिकॉप्टरपेक्षाही जास्त. बोट बटणावर असतं, टाकी समोर असते, आणि ठरवायला सेकंदाचा तुकडा असतो. पुढे जावं तशा टाक्या विरळ होत जातात. सुरुवातीला हौसेनं फोडलेली टाकी पुढच्या कोरड्या टप्प्यात आठवत राहते.

इंधनाची कल्पना ‘स्क्रॅम्बल’मध्येही होती, पण तिथे टाकी फोडल्यानंच इंधन मिळतं. शॉ यांनी जीव आणि गुण समोरासमोर उभे केले. दोन ओळींत सांगता येईल असा नियम, आणि त्यानं सगळ्या खेळाला पीळ दिला.

आता शत्रूंचा प्रश्न. चिपकडे हव्या त्या आकाराच्या हलत्या आकृत्या दोनच, आणि त्यांतली एक खेळणाऱ्याच्या विमानात गेली. उरली एक. एका आकृतीत जहाज, हेलिकॉप्टर, टाकी, काठावरची घरं, सगळं कसं करायचं? पुन्हा मागाचाच न्याय. पडदा आडव्या पट्ट्यांत वाटायचा. वरच्या पट्ट्यात ती आकृती हेलिकॉप्टर म्हणून विणायची, झोत खालच्या पट्ट्यात उतरला की तीच आकृती जहाज म्हणून, त्याखाली टाकी म्हणून. डोळ्यांना एकाच वेळी चार-पाच वस्तू दिसतात. नीट पाहिलं तर मात्र ध्यानात येतं, की दोन शत्रू शेजारी शेजारी, एकाच उंचीवर, कधीच येत नाहीत. एका पट्ट्यात एकच. खेळताना ते जाणवत नाही, कारण नदीत असंच असतं, एकामागून एक येतं.

आणि मग ती नदी. कार्ट्रिजमध्ये प्रोग्रामसाठी जागा ४ किलोबाइट, म्हणजे ४,०९६ बाइट. त्यातच विमानं, जहाजं, आवाज, गुणांचे आकडे, सगळे नियम. एवढ्या जागेत मैलोन्‌मैल नदीचे नकाशे ठेवणं अशक्य होतं. शॉ यांनी नकाशा ठेवलाच नाही. दोन बाइटचा एक आकडा घेतला आणि एक नियम केला: आकड्यातले अंक एक घर सरकवायचे, आणि रिकाम्या झालेल्या घरात आतल्याच काही अंकांवरून ठरणारा नवा अंक भरायचा. नवा आकडा तयार. त्याच्यावर पुन्हा तोच नियम. एकामागून एक निघणारे हे आकडे पाहिले तर वाटतं कुणी फासे टाकतंय. त्या आकड्यांवरूनच ठरतं, की काठ इथे किती आत येईल, बेट कुठे उगवेल, पुढे जहाज आहे की टाकी.

फाशांसारखे दिसले तरी ते फासे नव्हेत. पहिला आकडा, ज्याला संगणकाच्या भाषेतही बीजच म्हणतात, शॉ यांनी कायमचा ठरवून दिला होता. बीज तेच, नियम तोच, म्हणून नदीही तीच. दहा लाखांहून जास्त कार्ट्रिजं विकली गेली, आणि ओहायोतल्या घरात पाचव्या पुलानंतर जे वळण आलं तेच टेक्ससमधल्या घरात आलं. मुलांना ती नदी पाठ झाली. कुठे काठ जवळ येतो, कुठल्या बेटामागे टाकी आहे, हे ती एकमेकांना सांगू शकत. नावाड्याला खाडी ठाऊक असावी तशी. ही नदी कुठेही लिहिलेली नव्हती, तरी तिचा प्रत्येक काठ पक्का होता. १९८२ साली, ४ किलोबाइटमध्ये, हे मला आजही थक्क करतं.

*

गेम १९८२च्या अखेरीस दुकानांत आला. १५,००० गुण मिळवून पडद्याचा फोटो कंपनीला पाठवला, की ‘रिव्हर रेडर’ असा कापडी बिल्ला टपालानं येई. कपड्यांवर, दप्तरावर शिवण्यासारखा. गेम झपाट्यानं खपला, बक्षिसं मिळाली, आणि वेगवेगळ्या यंत्रांवर त्याच्या आवृत्त्या निघाल्या. अटारी ५२००साठीची आवृत्ती शॉ यांनी स्वतः लिहिली. पुस्तिकेत त्यांचा फोटो होता. त्या काळात गेम खेळणाऱ्या एखाद्या मुलीनं ती पुस्तिका उघडली असेल, तर हा गेम एका बाईनं केला आहे हे तिला तिथेच, पहिल्या दिवशी कळलं असेल.

पश्चिम जर्मनीत या नदीला वेगळाच बांध भेटला. लहान मुलांना अपायकारक ठरेल अशा साहित्याची छाननी करणारं एक सरकारी मंडळ तिथे होतं. १९८४ साली त्यानं ‘रिव्हर रेड’ आपल्या यादीत टाकला. त्या यादीत गेलेल्या पहिल्या व्हिडिओ गेमपैकी हा एक. मंडळाचं म्हणणं असं, की या खेळात मूल स्वतःला निर्दयपणे नाश करत सुटलेला लढवय्या समजू लागतं, ही एक प्रकारे लष्करी शिकवणीच आहे, आणि खेळताना अंग आखडतं, चिडचिड होते, डोकं दुखतं. यादीत गेलेली वस्तू मुलांना विकायची नाही, जाहिरात करायची नाही, दुकानात मांडायची नाही.

त्या निर्णयाची आज टर उडवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. ज्या देशाच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना फौजा आणि अणुशस्त्रं उभी होती, ज्याच्या गावांवरून रोज खरीच लढाऊ विमानं खालून उडत जात, त्या देशातल्या माणसांनी पूल उडवणाऱ्या विमानाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं तर ते समजण्यासारखं आहे. तरीही ठोकळ्यांच्या हेलिकॉप्टरवरून मुलांच्या मनाची परीक्षा करताना मंडळ चुकलं, असंच मी म्हणेन. २००२ साली ‘रिव्हर रेड’ त्या यादीतून निघाला. ॲक्टिव्हिजनच्या जुन्या गेमच्या संग्रहात तो पुन्हा जर्मनीत आला, तेव्हा त्याला सर्व वयांसाठी खुला असा शेरा मिळाला.

मधल्या काळात अमेरिकेतला धंदाच बसला होता. कुणीही उठावं आणि अटारीसाठी कार्ट्रिज काढावं, अशी गर्दी झाली. दुकानं टुकार गेमनी भरली, न खपलेला माल परत येऊ लागला. अटारीनं आपला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत पुरला, तो सप्टेंबर १९८३ मध्ये. त्याच वर्षी कॅसार यांनी अटारी सोडली. घरगुती गेमची अमेरिकेतली उलाढाल १९८३ साली सुमारे ३२० कोटी डॉलर होती, ती १९८५ साली १० कोटींच्या आसपास उरली. चौघांनी नावासाठी भांडून काढलेली कंपनीही डगमगू लागली.

शॉ यांनी १९८३ साली इंटेलिव्हिजन या यंत्रासाठी ‘हॅपी ट्रेल्स’ केला. १९८४ साली त्या ॲक्टिव्हिजनमधून बाहेर पडल्या आणि टँडेमला परत गेल्या. अपमान, भांडण, नाट्यमय राजीनामा असलं काही त्यांच्या सांगण्यात येत नाही. १९९० साली, पस्तिशीतच, त्या निवृत्त झाल्या. ‘रिव्हर रेड’च्या यशामुळेच ते शक्य झालं, असं त्यांनी म्हटलं आहे. गेमच्या जगानं मात्र त्यांना जवळजवळ विसरायचं ठरवल्यासारखं वागून दाखवलं. वरून खाली सरकणारे गोळीबाराचे गेम पुढे जपानमधून शेकड्यांनी आले, त्यांतली बहुतेक यानं पुन्हा आकाशात गेली, आणि त्या प्रकाराचा इतिहास लिहिताना नदीवाल्या बाईंचा उल्लेख बऱ्याचदा एका ओळीत उरकला गेला.

डिसेंबर २०१७ मध्ये लॉस एंजेलिसला गेम पुरस्कारांच्या सोहळ्यात त्यांचा सन्मान झाला. बासष्ट वर्षांच्या शॉ मंचावर आल्या. समोर बसलेल्यांत ‘रिव्हर रेड’ आला त्या वेळी जन्मलेलेही नसतील असे कितीतरी जण होते, आणि त्यांच्या गेमना शेकडो माणसं आणि वर्षानुवर्षं लागतात. ‘रिव्हर रेड’ एका बाईनं लिहिला होता. चित्रं तिची, नियम तिचे, आवाज तिचे, नदी तिची.

त्याच वर्षी शॉ यांनी आपल्याजवळचा जुना संग्रह न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातल्या ‘द स्ट्राँग’ या खेळांच्या संग्रहालयाला देऊन टाकला. कार्ट्रिजं, आकृत्या, कागदपत्रं, आणि ‘रिव्हर रेड’चा छापील प्रोग्राम. असेंब्ली भाषेतल्या ओळींवर ओळी. त्यात विमान सापडतं, हेलिकॉप्टर सापडतं, आकडे सापडतात. नदी मात्र त्या कागदांत कुठेच काढलेली नाही. दोन बाइटचं बीज आहे, आणि ते पुढे कसं सरकवायचं हे सांगणाऱ्या थोड्या ओळी.